सरासरीच्या नावानं चांगभलं

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट पास व्हायला आपल्याकडे दोनच गोष्टी लागतात. एक म्हणजे भारदस्त नाव, ज्यात 'स्मार्ट', 'ऑटोमेटेड' किंवा हल्ली 'एआय बेस्ड' यातलं काहीतरी असलंच पाहिजे. दुसरी म्हणजे एकमेकांशी छान जुळणारी रीडिंग्ज. नावांची टिंगल बऱ्याच जणांनी करून झाली आहे. मी आज दुसऱ्या गोष्टीवरून भांडणार आहे. माझं म्हणणं सरळ आहे: न जुळणारी रीडिंग्ज पोरांकडून खोडून घेणारं कॉलेज त्यांना इंजिनिअर करत नाही, कारकून करतं. खरं तर कारकुनालाही निदान बेरीज खरी दाखवावी लागते.

निमित्त माझ्या भाच्याचं. छत्रपती संभाजीनगरला (आमच्या वेळचं औरंगाबाद) मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला होता. स्टेशनकडून पैठण रोडला लागलं की कांचनवाडी, नक्षत्रवाडी मागे टाकत चितेगाव येतं. माझ्या पिढीला चितेगाव म्हटलं की व्हिडिओकॉन आठवतं. ती कंपनी २०१८ साली दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि त्या रस्त्यावरच्या गप्पांचा सूरच बदलला. पण लहानमोठी युनिट्स तिथे आजही चालू आहेत. त्यातल्याच एका युनिटमध्ये (नाव कशाला?) भाचा प्रोजेक्टसाठी जात होता.

तिथे एक हॉपर आहे. हॉपर म्हणजे वर रुंद, खाली निमुळता असा पत्र्याचा मोठा डबा. नरसाळंच म्हणा ना. वरून पावडर ओतायची, खालून ती मशीनमध्ये पडते. म्हणजे पडायला पाहिजे. ती अडकते. अडकली की ऑपरेटर हातोडा उचलतो आणि हॉपरला ठोकतो. भाचा मला फोनवर म्हणाला, "मामा, खालच्या भागात एक वीतभर जागा सपाट राहिली नाहीये. सगळे पोचे!" त्या ऑपरेटरभाऊंनी त्याला सांगितलं होतं, "सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला तर हाणल्याबिगर खाली येतच न्हाई बघा."

हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता ही चितेगावचीच गोष्ट आहे असं समजू नका. जगभरच्या कारखान्यांत हे पोचे सापडतात. इंग्रजीत त्याला 'हॅमर रॅश' असं नावच आहे, म्हणजे हातोड्याचं पुरळ. गंमत अशी की पोचे पडले की आतला पत्रा खडबडीत होतो, पावडर आणखी अडकते, म्हणून आणखी ठोकावं लागतं. आणि आपल्याच जिल्ह्याचं बघा. औषधांचे कारखाने पावडरवर चालतात. बिअरचे कारखाने माल्टवर चालतात. शेजारच्या जालन्यात बियाणं, परळीला कोळसा. पावसाळ्यात ओला कोळसा बंकरमध्ये चिकटून बसतो तेव्हा वीजनिर्मितीवाल्यांचे काय हाल होतात ते त्यांनाच विचारा. म्हणजे वाहणारा (आणि न वाहणारा) कोरडा माल हा मराठवाड्याच्या उद्योगाचा रोजचा प्रश्न आहे. आणि तरीही भाच्याने "पावडर किती वाहते ते मोजतो" असा विषय नेला तेव्हा कमिटीने विचारलं काय? "ह्यात नवीन काय आहे?"

तर ह्यात नवीन काय आहे ते आधी बघू.

पाण्याचं बरं असतं. तापमान सांगा, त्याचा चिकटपणा किती ते तक्त्यात बघून सांगता येतं. काल पिंपात भरलेलं पाणी आणि आज भरलेलं पाणी यांच्यात काही फरक नसतो. पावडरचं तसं नाही. घरी करून बघा. कागदाचा एक कोन करून खाली भोक ठेवा आणि त्यात रांगोळी टाका. सुरसुर पडते. आता त्यातच मैदा टाका. ढिम्म! कारण रांगोळीचा दाणा मोठा, त्याचं वजन त्याला खाली ओढतं. मैद्याचे कण इतके बारीक असतात की एकमेकांना धरून ठेवण्याची त्यांची ताकद स्वतःच्या वजनाला भारी पडते. आता मैद्याच्या ढिगात अंगठा दाबा. ठसा उमटतो आणि तसाच राहतो. म्हणजे मैदा दाबला की त्याला बळ येतं. जितका दाबाल तितकं जास्त. आणि जितका वेळ दाबून ठेवाल तितकं आणखी. जुलै महिन्यात मिठाची बाटली उघडून बघा, दमट हवा काय करते तेही कळेल.

म्हणजे 'ही पावडर किती वाहते?' हा प्रश्नच अपुरा आहे. किती दाबलेली? किती वेळ पडून राहिलेली? कुठल्या हवेत? कुठल्या भांड्यातून? हे सगळं विचारल्याशिवाय उत्तराला अर्थ नाही. पावडरला आठवण असते, असं म्हणा हवं तर. तिच्या बाबतीत आधी काय काय झालं ते सगळं तिच्या आत जमा असतं.

पण आपल्या प्रयोगशाळांत (इंजिनिअरिंग असो नाहीतर फार्मसी) सवयीने काय मोजतात? एक, पावडर नरसाळ्यातून खाली ओतायची आणि जो ढीग होतो त्याच्या उताराचा कोन मोजायचा. तीसच्या आतबाहेर आला की उत्तम, पन्नासच्या आसपास गेला की वाईट. दोन, १९६५ साली कार नावाच्या इंजिनिअरने दिलेला निर्देशांक: पावडरची सैल भरलेली घनता आणि आपटून आपटून बसवलेली घनता, यांतला फरक टक्क्यांत. दहापर्यंत उत्तम, अडतीसच्या वर गेलं की सोडून द्या. तीन, हॉल नावाचं नरसाळं: ५० ग्रॅम धातूची पावडर अडीच मिलिमीटरच्या भोकातून पडायला किती सेकंद लागतात ते बघायचं. तिन्ही चाचण्या स्वस्त आहेत, पटकन होतात, आणि दोन पावडरींची ढोबळ तुलना करायला ठीकच आहेत. त्यांच्याशी माझं भांडण नाही.

भांडण आहे ते त्यांतून निघणारा एकच आकडा छापून 'फ्लो: गुड' असा शेरा मारून मोकळं होण्याशी. ढिगाचा कोन तर कितीतरी गोष्टींनी बदलतो. किती उंचीवरून ओतलं, खाली काच होती की कागद, हात हलला का. अमेरिकन फार्माकोपियात पावडरच्या वहनावर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यातही स्वच्छ म्हटलंय की कुठलीही एक साधी चाचणी पावडरचं वहन पुरेसं सांगू शकत नाही. आपण त्यातला तक्ता तेवढा उचलला आणि इशारा तिथेच ठेवला!

आता भाच्याकडे परत येऊ. त्याने युनिटमधून आणलेल्या एकाच पोत्यातल्या पावडरची रीडिंग्ज घेतली. सकाळी घेतली, संध्याकाळी घेतली. पाऊस पडून गेल्यावर घेतली. कोरडी घेतली. आणि हे त्याचं स्वतःचं डोकं: एका भांड्यात पावडर भरून वर वजन ठेवलं, रात्रभर ठेवलं, आणि मग घेतली. आकडे अर्थातच सगळीकडे पसरले. रात्रभर दाबून ठेवलेली पावडर तर नरसाळ्यातून पडायलाच तयार नव्हती, गठ्ठा होऊन बसली.

गाईड सर म्हणाले, "रीडिंग्ज मॅच होत नाहीयेत. एक्सटर्नल काय म्हणतील? जी फार लांब जातायत ती काढ, बाकीच्यांची सरासरी घे, एक आकडा लिही. आणि ते न पडलेलं वगैरे तर घेऊच नको."

मंडळी, इथे मला खरंच राग आला. कारण जे खोडायला सांगितलं, तोच शोध होता! ऑपरेटरभाऊंचं वाक्य आठवा. सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला पावडर अडकते. का? कारण सुट्टीच्या दिवशी ती हॉपरमध्ये स्वतःच्याच वजनाखाली दबून तशीच पडून असते आणि तिला बळ येतं. पोराने एका भांड्यात आणि एका वजनात कारखान्याचं दुखणं टेबलावर आणून ठेवलं होतं. आणि कॉलेजने सांगितलं, हे खोड, सरासरी बिघडते.

(गाईड सर वाईट माणूस नाहीत. त्यांच्यावर कितीतरी प्रोजेक्टचा भार असतो आणि त्यांना स्वतःलाही कधी कोणी दुसरं काही शिकवलेलं नसतं. पण म्हणून चूक ती चूकच.)

आता जगाकडे थोडं बघू, कारण हा विषय मुळात उभा राहिला तोच विद्यापीठात. १८९५ साली यान्सेन नावाच्या जर्मन इंजिनिअरने दाखवलं की धान्याच्या उंच कोठीत तळावरचा दाब उंचीबरोबर वाढतच जात नाही, एका मर्यादेनंतर थांबतो, कारण उरलेलं वजन भिंती घर्षणाने पेलतात. आपल्या कणगीतही तेच होतं. १९६१ साली बेव्हरलू आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भोकातून पडणाऱ्या दाण्यांचं सूत्र मांडलं. वर किती माल साठलाय याचा पडण्याच्या वेगावर जवळजवळ परिणाम होत नाही, भोकाच्या आकाराचा मात्र प्रचंड होतो. वाळूचं घड्याळ त्याच जिवावर चालतं. पाण्याचं असतं तर भांडं रिकामं होताना धार बारीक झाली असती.

पण हॉपर का अडकतो आणि तो कसा बनवला तर अडकणार नाही, याचं वापरता येण्याजोगं उत्तर दिलं ते अँड्र्यू येनिके या मूळच्या पोलिश इंजिनिअरने, अमेरिकेत, युटा विद्यापीठात. त्याने एक साधं उपकरण वापरलं. पावडर एका गोल कडीत भरायची, ठरावीक वजनाने दाबायची आणि मग आडवं सरकवून ती किती जोराला तुटते ते मोजायचं. वेगवेगळ्या वजनांना मोजायचं. आणि (इथे लक्ष द्या) दाबून ठेवून वेळ जाऊ दिल्यानंतरही मोजायचं. हॉपरच्या तोंडाशी पावडर कमान धरते, आपल्या दगडी कमानीसारखीच. त्या कमानीला किती बळ आहे हे मोजलं की तोंड किती रुंद ठेवलं तर कमान टिकूच शकणार नाही, आणि भिंतींचा उतार किती तीव्र पाहिजे, हे गणिताने काढता येतं. हे सगळं १९६१ आणि १९६४ साली विद्यापीठाच्या इंजिनिअरिंग प्रयोगकेंद्राच्या बुलेटिनमध्ये छापून आलं. त्या कामात त्याचा साथीदार होता जेरी जोहान्सन, त्याचा विद्यार्थी. त्याच जोहान्सनचं १९६५ चं गणित आज औषधांच्या कारखान्यात दोन रोलरमधून पावडर दाबताना वापरतात.

म्हणजे जगभरातले हॉपर ज्या आकड्यांवर बनतात ते एका प्राध्यापकाने आणि त्याच्या विद्यार्थ्याने बसून, चिकाटीने, न जुळणारी रीडिंग्ज न खोडता मिळवलेले आहेत. ह्यात 'स्मार्ट' काहीच नव्हतं.

लांब कशाला, मुंबईतलंच बघा. आयआयटी मुंबईत देवांग खखर (पुढे ते तिथले संचालकही झाले) आणि आशिष ओर्पे यांनी २००१ साली 'फिजिकल रिव्ह्यू ई' मध्ये एक निबंध छापला. अर्धं भरलेलं एक नळकांडं फिरवायचं आणि आत दाणे कसे घसरतात ते मोजायचं. दाण्याचा आकार बदलून, नळकांड्याचा व्यास बदलून, फिरण्याचा वेग बदलून. विषय ऐकायला किती साधा! आपल्या कमिटीसमोर नेला असता तर हेच विचारलं असतं: "ह्यात नवीन काय?" नवीन हे की त्यांनी ते नीट मोजलं.

आता आक्षेप.

पहिला आक्षेप आपल्याच जमातीचा, सॉफ्टवेअरवाल्यांचा: "आता मोजायचं कशाला? सिम्युलेशन करा की!" करता येतं. एकेका कणाचा हिशोब ठेवणारी पद्धत कंडल आणि स्ट्रॅक यांनी १९७९ सालीच दिली, आणि आज ती लॅपटॉपवरही थोडीफार चालते. पण त्या प्रोग्रामला कणाकणातलं घर्षण किती, चिकटपणा किती, हे कोण सांगणार? ते मोजलेल्या गोष्टीशी जुळवूनच ठरवावं लागतं. आणि फक्त ढिगाच्या कोनाशी जुळवलंत तर घर्षणाच्या आणि चिकटपणाच्या कितीतरी वेगवेगळ्या जोड्या तोच कोन देतात. एक टेस्ट पास झाली म्हणून कोड बरोबर आहे, असं आपण ऑफिसात कोणाला म्हणू देऊ का? दहादा चालवली आणि तीनदा पडली अशी टेस्ट असेल तर पडलेल्या तीन वेळा खोडून 'सरासरीने पास' असं लिहू का? (लिहितात काही लोक. त्यांचं प्रॉडक्शन मग रात्री दोनला आपल्याला उठवतं.) भाच्याची पसरलेली रीडिंग्ज म्हणजे नेमकी तीच पडणारी टेस्ट होती. तिथेच बग होता.

दुसरा आक्षेप: "ह्याने नोकरी मिळते का?" मला सांगा, रेडिमेड प्रोजेक्ट विकत आणून मिळते का? मुलाखतीला बसणाऱ्यांपैकी मी पण एक आहे. 'फेस रेकग्निशन अटेंडन्स सिस्टीम' मी इतक्यांदा ऐकली आहे की पुढची वाक्यं मीच म्हणून दाखवतो. ज्या पोराने सांगितलं असतं की 'माझे आकडे जुळत नव्हते, म्हणून मी का जुळत नाहीत ते शोधलं', त्याला मी तिथल्या तिथे पुढच्या राऊंडला पाठवलं असतं.

तिसरा: "खर्च कोण करणार? शिअर टेस्टरचं यंत्र महाग आहे." तयार यंत्र आहेच महाग. पण येनिकेच्या सेलमध्ये आहे काय? दोन कड्या, एक झाकण, वजनं आणि आडवा जोर मोजायचं साधन. मेकॅनिकलच्या वर्कशॉपमध्ये लेथ असतं ना? का ते फक्त पहिल्या वर्षाला जॉब घासायलाच ठेवलंय? आणि ते तयार करण्याआधीसुद्धा एक भांडं, एक वजन आणि एक रात्र, एवढ्यात काय कळलं ते वर सांगितलंच आहे.

चौथा आक्षेप कोणी उघड घेत नाही पण मनात असतो: हातोडा मारून काम होतंय ना, मग होऊ दे की. नाही होत. हातोडा मारून जिथे काम होत नाही तिथे माणूस आत उतरतो. धान्याच्या मोठ्या कोठारात, सायलोत, वर कमान धरलेली असते आणि खाली पोकळी. वरून बघणाऱ्याला पक्की जमीन वाटते. बांबू नाहीतर पहार घेऊन तो वर उभा राहतो, कमान तुटते आणि माल त्याला घेऊन खाली जातो. वाहत्या धान्यात माणूस काही सेकंदांत गुडघ्यापर्यंत रुततो, अर्ध्या मिनिटात पूर्ण गाडला जाऊ शकतो. हे अपघात जगभर होतात. आपल्या आज्यापणज्यांना पेवात उतरण्याआधी ते उघडं ठेवून हवा खेळू द्यायची हे माहीत होतं. अनुभवाने शिकले होते, काही जीव गमावूनच शिकले असतील. आपल्याकडे आता अनुभवाबरोबर मोजमापही आहे. ते न करता रिपोर्टात 'फ्लो: गुड' लिहिणं हा नुसता आळस राहत नाही. उद्या त्या 'गुड'वर विसंबून कोणीतरी हॉपर बनवतो आणि त्याच्या खाली कोणीतरी उभा असतो.

तुम्ही विचाराल, भाच्याचं काय झालं? मुख्य प्रकरणात एकच सरासरी गेली, सरांपुढे त्याचं काही चाललं नाही. पण सगळी रीडिंग्ज, वेळ, हवा आणि 'पडली नाही' हा शेरा, असा तक्ता त्याने रिपोर्टच्या शेवटी जोडला. व्हायव्हाला ते पान कोणी उलटलं नाही. युनिटच्या सुपरवायझरने मात्र तेवढ्याच पानाचा मोबाईलवर फोटो काढून घेतला. हॉपर काही बदलला नाही, त्याला पैसे लागतात. पण सुट्टीच्या आदल्या पाळीला तो रिकामा करून ठेवायचा असं ठरलं. त्याला शून्य रुपये लागतात.

माझी मागणी फार मोठी नाही. नवा अभ्यासक्रम नको, सेंटर ऑफ एक्सलन्सचा फलक तर नकोच. विद्यापीठांनी प्रोजेक्टच्या नियमांत एक ओळ घालावी: घेतलेलं प्रत्येक रीडिंग रिपोर्टात असलं पाहिजे, आणि खोडलेल्या प्रत्येक रीडिंगचं कारण शेजारी लिहिलेलं असलं पाहिजे. आकडे का पसरले याच्या चर्चेला मार्क द्या, जुळण्याला देऊ नका. आणि पैठण रोडवरच्या, वाळूजच्या, चिकलठाण्याच्या युनिटवाल्यांनी पोरांना प्रोजेक्ट कंप्लीशनचं पत्र देण्याआधी एकदा त्या पोचे पडलेल्या हॉपरपाशी न्यावं आणि तिथल्या ऑपरेटरशी बोलू द्यावं.

आणि आपण? तुमच्यापैकी बरेच जण आपापल्या कॉलेजात गेस्ट लेक्चरला जाता, प्रोजेक्ट कॉम्पिटिशनला जज म्हणून बसता, लिंक्डइनवर फोटोही टाकता. पुढच्या वेळी बसाल तेव्हा डेमो बघून झाल्यावर एकच प्रश्न विचारा: "तुझी सगळी रीडिंग्ज दाखव बरं." पोरगं गडबडेल. सर त्याच्याकडे बघतील. तुम्ही सरांकडे बघा.